चौथा डेस्कटॉप

पुन्ता अरेनासच्या धक्क्यासमोर
जहाजांना शिधा पुरवणाऱ्या आमच्या कचेरीत
मॉनिटर लहानसे, ज्याला त्याला एकेक,
आणि एका म्यानात चार तलवारी ठेवायची किमया
फक्त निनोस्का बाराहोनाला जमायची.

पहिल्या डेस्कटॉपवर कांदे.
म्हणजे कांदे, बटाटे, दोरखंड, चाळीस किलो मेंढीचं मटण,
आणि कोरियन खलाशांनी मागितलेली,
गावभर कुठेच न मिळणारी ती तिखट पूड.
दुसऱ्यावर कस्टमचे कागद,
शिक्का नसेल तर रडणारे, असेल तरी रडणारे.
तिसऱ्यावर तिचं तिचं :
वाल्दिव्हियातल्या बहिणीचे निरोप,
अकॉर्डियनचा एक धडा, बाराव्या मिनिटाला थांबवलेला,
वकिलाचं एक पत्र.
(पत्र मी वाचलं नाही. मथळा वाचला.
मथळा पुरे होता.)

दोन बोटं आणि एक बाण,
की ओल्या फडक्याने फळा पुसावा तसं
सगळं एका झटक्यात बाजूला.
मालक इल्देफोन्सो मागे येऊन उभे राहिले
की त्यांना कांदेच दिसायचे.
अकरा वर्षं त्यांना कांदेच दिसले.

"आणि चौथा?" मी एकदा विचारलं.
चौथ्यावर काहीच नव्हतं.
साधा राखाडी रंग. घड्याळसुद्धा तिने लपवलेलं.
"तिकडे जाताना आधी इथे थांबते," ती म्हणाली.
"कांद्यांवरून थेट वकिलाकडे गेलं
तर डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते कळत नाही."

मी हसलो. ती नाही.
मग मीही केला एक रिकामा.
दुपारपर्यंत त्यात फुटबॉलचे निकाल होते,
हिशेबाचं यंत्र होतं,
आणि कुणाच्या तरी लग्नाचे दोनशे फोटो.
रिकामं ठेवणं हे काम आहे, हे मला तेव्हा कळलं.

सप्टेंबरातली एक संध्याकाळ.
वारा असा की चौकात बांधलेल्या दोरांना
माणसं वाळत घातल्यासारखी लोंबत होती.
दिवे गेले.
जनरेटर खोकला, त्यावर रेडिओ उठला, संगणक उठला,
आणि जुन्या इमानी गड्यासारखं त्याने विचारलं :
सगळं होतं तसं परत आणू?
ती हो म्हणाली.

आणलं त्याने. सगळं. पण एकाच जागी.
कांद्यांवर वकील, वकिलावर शिक्के,
शिक्क्यांच्या फटीतून अकॉर्डियनवाल्याची अर्धी दाढी,
बहिणीचं 'ये ना गं' बटाट्याच्या भावाला चिकटलेलं.
आणि मागे मालक, हातात मेणबत्ती.

चौथा मात्र आला नाही.
यंत्राला दोष कसा द्यावा?
परत आणण्याजोगं त्यात काही ठेवलंच नव्हतं.

मालकांनी पाहिलं. वाकून पाहिलं.
मेणाचा एक थेंब टेबलावर पडला.
मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं,
तेवढ्यात ते म्हणाले,
"अकॉर्डियन? माझ्याकडे आहे एक. वडिलांचं.
त्याच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत."

निनोस्काने कोट चढवला, बाहेर गेली.
काचेतून दिसत होती :
एका हाताने दोर धरलेला,
तोंड सामुद्रधुनीकडे, आणि बाकी काहीच नाही.
सात मिनिटं. मी मोजली.

आली तेव्हा केस उभे, नाक लाल.
बसली. कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबलं,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
एकेक खिडकी उचलून आपापल्या घरी पोचवली.
वकिलाचं पत्र उचललं,
बराच वेळ तसंच अधांतरी धरलं,
आणि पहिल्यावर सोडलं. कांद्यांशेजारी.

रेडिओ खरखरला. कोरियन जहाज पुन्हा विचारत होतं,
ती तिखट पूड मिळाली का.
"शोधतेय," ती म्हणाली.